द्वारकाबाईंचा हिस्सा

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, एक्क्याऐंशी साली, बद्रीनाथरावांनी भोकरदन नाक्याजवळ हार्डवेअरचं दुकान टाकलं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे साहेब, साहेबांना राहायला नवी घरं. आणि घर म्हटलं की सळई, पत्रा, नळ, बिजागरी आलीच. एवढाच सरळ विचार होता. परतूरकडं भावकीत जमीन होती, कापूस चांगला निघायचा, पण त्यांचा जीव शेतात कधी रमला नाही. गावात कुणाच्या घराचं जोतं भरायला लागलं की हे हातातलं औत सोडून तिथं जाऊन उभे. शेवटी वडीलच कंटाळून म्हणाले, "जा बाबा, तुला इटा-दगडातच राह्याचंय तर जालन्याला जाऊन राह्य."

दुकानाचं नाव ठेवलं रेणुका हार्डवेअर. रेणुका ही द्वारकाबाईंच्या माहेरची देवी. त्या पिंपळगाव रेणुकाईच्या. नवऱ्यानं बायकोच्या माहेरची देवी पाटीवर चढवली याचं द्वारकाबाईंना अप्रूप वाटलं आणि सासूबाईंना तितकाच राग आला. पण दुकानाशी द्वारकाबाईंचा संबंध तेवढाच. घर, लहानगी दुर्गा, आणि दुपारी डबा पोचवणं.

दुकान चारचौघांच्या दुकानासारखंच होतं. पुढं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब सागवानी काउंटर. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून तोंडानं मागायचं, बद्रीनाथराव आतल्या अंधारातून वस्तू शोधून आणायचे. कुठल्या पोत्यात काय आहे ते एकट्या त्यांना ठाऊक. द्वारकाबाई डबा ठेवून जायच्या तेव्हा त्यांना ते दुकान म्हणजे लोखंडाचा ढीग वाटायचा.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ट्रकमधून पाइप उतरवताना दोर सुटला आणि पाइपांचा भारा बद्रीनाथरावांच्या अंगावर आला. खुब्याचं हाड मोडलं. औरंगाबादला ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण बरेच महिने अंथरुणातून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. धाकटे भाऊ काकासाहेब तेव्हा औरंगाबादलाच बी.कॉम. करत होते. परीक्षा सोडून दुकानात बसतो म्हणाले, तर बद्रीनाथरावांनी खाटेवरूनच दटावलं, "पयलं शिकून घे. दुकान कुठं पळून न्हाई चाललं."

दुकानाला कुलूप लागलं. लोक घरी येऊन विचारायला लागले. कुणाचं प्लास्टर अडलेलं, कुणाची टाकी. पंधरवडा गेल्यावर द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी उघडू का दुकान?"

"तुला त्यातलं काय समजतं?"

"काहीच न्हाई समजत. पण कुलूप लावून ठिवलं तर कुणाला काय समजणारे?"

बद्रीनाथरावांनी उशाखालची किल्ली काढून दिली.

पहिल्याच दिवशी सकाळी एक जण आला आणि त्यानं पाऊण इंची एल्बो मागितला, आतून आट्यांचा. द्वारकाबाईंनी आत जाऊन चार पोत्यांत हात घातला. एल्बो कशाला म्हणतात हेच माहीत नव्हतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "दादा, मला कळना. तुम्हीच आत या अन् शोधून घ्या."

तो माणूस बिचकला. त्याचं नाव राधाकिसन. जांब समर्थकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. याच्या वडलांनी शेती धरलेली आणि हा सरकारी क्वार्टरांच्या कामावर राहून नळाचं काम शिकलेला. आजवर कुठल्या दुकानदारानं त्याला काउंटरच्या आत घेतलं नव्हतं. फळी उचलून तो आत गेला, एल्बो घेऊन आला, आणि तो हातावर ठेवून म्हणाला, "वैनी, याला एल्बो म्हणत्यात. कोपरा वळवायचा असला की हा लागतो."

द्वारकाबाईंनी त्यातला एक सुतळीला बांधून पोत्याच्या तोंडाशी टांगला आणि पुठ्ठ्यावर नाव अन् भाव लिहून लावला. मग तोच नाद लागला. जो येईल त्याला आत घ्यायचं, त्याच्याकडून नाव शिकायचं, नमुना टांगायचा. फळी सारखी वरखाली करून हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी दोन हमालांना बोलावून काउंटर उचलला आणि मागच्या भिंतीला नेऊन लावला.

दुकान पुढून सताड उघडं झालं. आणि मग एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवली नव्हती. बायका आत यायला लागल्या. आधी नवऱ्याच्या मागून, मग शेजारणीला घेऊन. घर बांधणारा पुरुष असला तरी नळाखाली भांडी घासणार आपण, कडी आपण लावणार, ओटा आपल्या उंचीचा हवा, हे त्यांना आजवर कुठं बोलायलाच जागा नव्हती. काउंटरवर बसलेल्या पुरुषाला विचारायचं तरी काय. इथं बाईच होती, आणि तिलाही फारसं काही कळत नव्हतं, त्यामुळं विचारायला संकोच वाटायचा नाही.

बद्रीनाथराव काठी टेकत पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. रिक्षातून उतरले आणि दारातच थांबले.

"काउंटर कुठाय?"

"मागं भिंतीला लावलाय."

"हे दुकान हाये का बाजार? लोक उचलून नेतील न्हाई का?"

"नेलं. दोन-चार कुलपं गेली."

"मंग?"

"मंग काय. कुलपंच गेली."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण उभं राहवत नव्हतं, म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले. तासभर तिथंच बसून होते. एक मास्तरीणबाई आली. तिनं खिडकीच्या कड्या एकेक करून उघडून-मिटून बघितल्या, एक निवडली, आणि जाताना चुना, ब्रश अन् न्हाणीची जाळी घेऊन गेली. ती मागायला आली होती फक्त कडी. बद्रीनाथरावांनी ते सगळं बघितलं. संध्याकाळी घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाले, "उद्या सुताराला बोलव. पोती भुईवर बराबर न्हाई दिसत. फळ्या मारून घेऊ."

त्यानंतर ते काठी घेऊन रोज दुकानात येऊ लागले आणि द्वारकाबाई घरी बसल्या नाहीत. दोघं मिळूनच दुकान बघू लागले.

अठ्ठ्याऐंशीत राधाकिसन म्हणाला, भाऊ, परतूरला असं दुकान न्हाई, मोंढ्याजवळ, कापसाच्या बाजाराला लागून, जागा हाये. बद्रीनाथरावांनी त्याला भागीदार करून घेतलं. भावकीत कुरकूर झाली, मेंढरं वळणाऱ्याच्या घरात भागी कशाला म्हणून. बद्रीनाथरावांनी ती कानाआड केली. पुढं भोकरदनला दुकान झालं, मग अंबडला. काकासाहेब बी.कॉम. होऊन आलेले होतेच. त्यांची बुद्धी तेज. कुठला माल कुठल्या महिन्यात उठतो हे त्यांना बसल्या जागी दिसायचं. फरशा आणि न्हाणीघराचा स्वतंत्र विभाग त्यांनी काढला. चौऱ्याण्णवला फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, तीही त्यांनीच. नाव झालं रेणुका गृहसाज. भाऊ, वहिनी, राधाकिसन आणि ते स्वतः असे चौघं डायरेक्टर. सहीसाठी पहिल्यांदा कागद आले तेव्हा द्वारकाबाईंनी विचारलं, "भाऊजी, डायरेक्टर म्हंजे काय करायचं असतं?"

"वैनी, तुम्ही आजपोत्तर जे केलं तेच. फक्त आता त्याला नाव हाये."

अठ्ठ्याण्णवला बद्रीनाथराव गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्यांचा हिस्सा द्वारकाबाईंच्या नावावर आला आणि कंपनीत सगळ्यांत मोठा वाटा त्यांचा झाला. पण त्या वर्षांत त्यांचं कशात मन नव्हतं. लेक दुर्गा लग्न होऊन परभणीला गेलेली. कंपनी काकासाहेबांनी एकट्यानं वाढवली. औरंगाबाद रस्त्याला काचेची मोठी इमारत उभी राहिली, आत सरकता जिना, थंड हवा. मग औरंगाबादला तसंच दुसरं दुकान. वीस वर्षं झाली म्हणून समारंभ झाला, तेव्हा पुण्याहून आलेल्या सल्लागारानं भाषण केलं. मराठवाड्यात गिऱ्हाइकाला मालापर्यंत पोचवण्याचं धोरण या कंपनीनं दूरदृष्टीनं आखलं, असं तो म्हणाला. पहिल्या रांगेत बसलेल्या राधाकिसनभाऊंनी हळूच द्वारकाबाईंकडं बघितलं. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या.

काचेच्या इमारतीत त्यांना एक केबिन होती. त्या रोज जाऊन बसायच्या. लोक येऊन पाया पडून जायचे.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात काकासाहेबांनी बैठक बोलावली. पुण्याची एक गुंतवणूक कंपनी पैसे घालायला तयार होती. त्यातून नांदेड, बीड, लातूर, अशी मोठी दुकानं निघणार होती. त्यांची अट एकच होती. तालुक्याची दुकानं बंद करायची. अंबडचं, भोकरदनचं, परतूरचं.

काकासाहेबांनी काही लपवलं नाही. भिंतीवर आकडे दाखवले. तिन्ही दुकानांचा धंदा सालोसाल उतरत होता. लोक गाडी करून जालन्याला यायला लागले होते. "मला हौस न्हाई," ते म्हणाले. "दादांनी काढलेली दुकानं हायेत. पण तीन दुकानांसाठी पुढची दहा सोडायची का, तेवढं सांगा."

राधाकिसनभाऊ सकाळच्या गाडीनं परतूरहून आले होते. केस पांढरे झालेले, गुडघे धरलेले. त्यांनी टेबलाकडं बघत म्हटलं, "तुम्ही दोघं म्हणाल तसं."

सगळ्यांच्या नजरा द्वारकाबाईंकडं वळल्या. त्यांची सही झाल्याशिवाय काही होणार नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी काकासाहेब ठेवतील त्या जागी सही केली होती आणि त्यात कधी पस्तावा झाला नव्हता. पण राधाकिसनभाऊंचा तो खाली घातलेला चेहरा त्यांना बघवेना.

"मला जरा टाइम द्या, भाऊजी."

"वैनी, पुण्याची माणसं फार थांबणार न्हाईत."

"त्यांना सांगा, बाई परतूरला गेलीय."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच रेल्वेनं परतूरला गेल्या. मनात सगळं जुळवूनच गेल्या होत्या. राधाकिसनभाऊंना धीर द्यायचा, मी हाये म्हणून सांगायचं, आणि परत येऊन दिराशी भांडायचं. बद्रीनाथराव असते तर त्यांनीही हेच केलं असतं, अशी त्यांची खात्री होती.

कापसाचा हंगाम होता. मोंढ्याकडं गाड्यांची रांग लागलेली, रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके उडत होते. दुकान मात्र सुस्त. राधाकिसनभाऊंनी चहा मागवला. दुकानात कामाला असलेली गोजरबाई फळ्यांवरची धूळ झटकत होती, तिला त्यांनी मागं गोदामात पाठवलं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. मी सही करत न्हाई. हे दुकान बंद होऊ देत न्हाई."

राधाकिसनभाऊंनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "वैनी, रागवू नका. पण तुम्ही सही करा."

"काय म्हणता?"

"मी थकून गेलो. दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला हायेत, ती काही इकडं येत न्हाईत. सूनबाई म्हणती, तिकडं येऊन राह्या. माझे गुडघे हे असे. पण बद्रीभाऊंनी मला काउंटरच्या आत घेतलं…"

"मी घेतलं तुम्हाला आत."

"बरं, तुम्ही घेतलं. तुम्ही दोघांनी घेतलं. भावकीची बोलणी खाऊन भागी दिली. मंग मी कुठल्या तोंडानं म्हणू, मला सोडवा म्हणून? कालच्या बैठकीत मला वाटलं, सुटलो. अन् तुम्ही टाइम मागितला."

द्वारकाबाई ज्याच्यासाठी भांडायला निघाल्या होत्या त्याला भांडण नको होतं. त्यांना जरा रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. "तुम्ही जेवून या घरी," त्या म्हणाल्या. "मी बसते इथं."

ते गेल्यावर त्या दुकानात हिंडल्या. कोपऱ्यात राधाकिसनभाऊंनी नमुन्याचं एक दार उभं केलं होतं, न्हाणीघराचं, प्लास्टिकचं, चौकटीत बसवलेलं. नुसतंच दार, मागं भिंत. दार आणि भिंतीच्या मधे माणूस उभा राहील एवढी जागा.

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी आत आली. लुगड्याचा काष्टा, हातात कापडी पिशवी. नाव सखूबाई, गाव जवळचंच. कापूस घालायला मुलाबरोबर गाडीत आली होती. मुलगा मोंढ्यात.

"दार पाह्यजे," ती म्हणाली. "न्हाणीला."

"चौकट केवढी हाये, मावशी?"

"चौकट न्हाई अजून. चार पत्रे ठोकलेत अंगणात. पुढून लुगडं बांधतो. पोरगं म्हणतं, काय करायचंय दार, आपलंच तर अंगण हाये." ती थांबली. "आतून कडी बसंल का?"

द्वारकाबाईंनी नमुन्याचं दार दाखवलं. सखूबाईनं कडी हातानं चाचपली. मग पिशवी खाली ठेवली, दाराच्या मागं गेली, दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.

आतून बराच वेळ आवाज आला नाही. गोजरबाई गोदामातून डोकावली. द्वारकाबाईंनी तिला हातानंच थांबवलं.

"बाहेरून ढकला बरं," आतून आवाज आला.

द्वारकाबाईंनी ढकललं.

"अजून जोरात."

त्यांनी खांदा लावून ढकललं. दार हललं, पण उघडलं नाही. कडी काढून सखूबाई बाहेर आली. "हेच द्या," ती म्हणाली. "पोराला मी सांगते."

मग चौकटीचं बघायचं होतं, चौकट कोण बसवणार ते बघायचं होतं, आणि त्या जागेत पाण्याचा निचरा कसा होणार तेही. द्वारकाबाई तिच्याशी बोलत राहिल्या, खाली बसून गोजरबाईच्या खडूनं फरशीवर तिच्या अंगणाचा आराखडा काढला. राधाकिसनभाऊ जेवून परत आले तरी हे चाललंच होतं. मुलगा आला, त्यानं खर्च ऐकून तोंड वाकडं केलं, पण आईच्या चेहऱ्याकडं बघून गप्प बसला आणि दार गाडीत चढवलं.

परतीच्या गाडीत द्वारकाबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांना आठवेना, काचेच्या इमारतीत आपण शेवटचं कुणाशी एवढं बोललो ते. राधाकिसनभाऊंसाठी दुकान वाचवायचं नव्हतं. कुणासाठीच वाचवायचं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ते हवं होतं. हे एवढं साधं होतं, तरी कबूल करायला त्यांना जालना येईपर्यंत वेळ लागला. वय बावन्न. या वयात बाईनं काही मागायचं म्हणजे नातवंडासाठी मागायचं, असंच त्यांनी आजवर पाहिलं होतं.

सकाळी त्या काकासाहेबांच्या घरी गेल्या. ते पेपर वाचत होते.

"भाऊजी, सही करते. पण परतूरचं अन् माझ्या माहेराकडलं भोकरदनचं दुकान बंद करू नका. मला द्या. माझ्या हिश्श्यात धरा."

काकासाहेबांनी पेपर खाली ठेवला. "वैनी, तुमचा हिस्सा केवढा हाये माहिती का? त्यात अशी पन्नास दुकानं येतील."

"मला पन्नास नको. ती दोन पाह्यजेत. बाकीच्या हिश्श्याचे पैसे काय ते वकील अन् तुम्ही बराबर बघून घ्या."

"अन् चालवणार कोण?"

"मी. परतूरला जाऊन राह्यते."

काकासाहेब उठून खिडकीपाशी गेले.  "लोक काय म्हणतील ठाऊक हाये? दादा गेले अन् दिरानं वैनीला परतूरला हाकललं. भावकी हेच म्हणणार. मी वीस वर्षं राबलो ते याच्यासाठी का?"

"भावकीला मी सांगन."

"तुम्ही कुणाकुणाला सांगणार?"

 दीर खोटं बोलत नव्हता. ज्या दिवशी त्यांचं सामान परतूरला जाईल त्या दिवशी लोक हेच बोलणार होते, आणि पुढं तसंच झालं.

खरी अडचण मात्र वकिलाकडं निघाली. पुण्याच्या लोकांना रेणुका हे नाव एकट्या मोठ्या कंपनीसाठी हवं होतं. द्वारकाबाईंच्या दोन दुकानांना ते वापरता येणार नव्हतं. वकिलानं हे अगदी सहज सांगितलं, चहा पिता पिता.

"देवीचं नाव हाये ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या. ते कंपनीचं कसं होईल?"

"नोंदणी झालीय, मावशी. चौऱ्याण्णवलाच झाली. तुमचीच सही आहे."

त्यांनी काकासाहेबांकडं बघितलं. काकासाहेबांनी मान खाली घातली. त्या क्षणी सगळं सोडून द्यावं असं द्वारकाबाईंना वाटलं. नवरा गेल्यावर त्यांच्याजवळ राहिलेलं एवढं एकच होतं, जे त्यानं फक्त त्यांच्यासाठी केलं होतं. त्या तशाच घरी आल्या. लेकीचा परभणीहून फोन आला, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तुला नाव पाह्यजे का दुकान पाह्यजे?"

"दोन्ही पाह्यजे."

"दोन्ही न्हाई मिळत."

त्यांनी सही केली आणि कंपनीतून बाहेर पडल्या. परतूरच्या पाटीवर नवं नाव आलं, घरसामान भांडार. त्यांना ते कधीच आवडलं नाही. पण रंगाऱ्यानं अक्षरं ठळक काढली होती आणि मोंढ्याच्या कोपऱ्यावरून वाचता यायची.

राधाकिसनभाऊ पुण्याला जाण्याआधी महिनाभर थांबले. नळाच्या, फरशीच्या, सुतारकामाच्या, सगळ्या मिस्त्र्यांच्या घरी नेऊन ओळख करून दिली. जाताना स्टेशनवर म्हणाले, "वैनी, जमन ना?" द्वारकाबाई म्हणाल्या, "न जमायला काय झालं." पण गाडी गेल्यावर फलाटावर उभ्या उभ्याच त्यांनी सगळ्या मिस्त्र्यांची नावं पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघितली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. भोकरदनचं दुकान त्यांना झेपलं नाही. एवढ्या लांबून लक्ष राहायचं नाही, आणि तिथं ठेवलेल्या माणसानं दुसरं काम धरलं. शेवटी ते बंदच करावं लागलं. तेव्हा काकासाहेबांचे आकडे बरोबर होते, हे त्यांनी मनाशी मान्य केलं. परतूरचं हळूहळू सावरलं. न्हाणीघराचं सगळं सामान एकत्र, दार, चौकट, जाळी, नळ, वर ते बसवून देणारा मिस्त्री, असं त्यांनी सुरू केलं. कुणाच्या अंगणात काम असेल तर गोजरबाई आधी जाऊन जागा बघून यायची. गावोगावच्या बायकांनी ही गोष्ट एकमेकींना सांगितली. गाडी करून जालन्याला जाणारे लोक फरशा आणायला जालन्यालाच जात राहिले. त्याला इलाज नव्हता.

तिकडं रेणुका गृहसाजची नांदेडला, बीडला दुकानं झाली. लातूरला झालं. मग दोन हजार आठमधे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं पुण्याच्या लोकांचा वाटा घेतला आणि पाठोपाठ काकासाहेबांचाही. सगळ्या दुकानांच्या पाट्या बदलल्या. द्वारकाबाईंनी हे परतूरच्या बाजारात ऐकलं. काकासाहेब आणि त्या लग्नाकार्यात भेटायच्या, बोलणं जेवढ्यास तेवढं.

पुढच्या वर्षी वैशाखात एक गाडी दुकानासमोर थांबली आणि काकासाहेब उतरले. एकटेच. जरा वाळले होते. आत आले, फळ्यांवरून नजर फिरवली, एका डब्यावर बोट फिरवून धूळ बघितली.

"चहा घेणार का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"घेईन की."

चहा आला. काकासाहेब म्हणाले, "रंग पुढं घ्या, वैनी. उन्हाळ्यात लोक रंग घेतात. मागं ठिवला तर कुणाला दिसणार?"

"घेते. सध्या काय करून राह्यले?"

"काय न्हाई. सकाळी फिरायला जातो. मंग पेपर. मंग बसतो." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांनी केबिन दिली होती मला, सल्लागार म्हणून. लोक येऊन नमस्कार करायचे. सा महिन्यांनी सोडली."

द्वारकाबाईंना काचेच्या इमारतीतली आपली केबिन आठवली. गोजरबाई एका गिऱ्हाइकाला पत्रे मोजून देत होती. बाहेर ऊन रणरणत होतं.

"मंठ्याला एक जागा बघायचीय," त्या म्हणाल्या. "गोजर म्हणती, तिकडं दुकान चालंल. मला जागेतलं काही कळत न्हाई. येता का?"

"आत्ता?"

"जेवून निघू. गाडी हाये ना तुमची."

गोजरबाईनं दुकान बघायचं ठरलं. भाकरी अन् वांग्याची भाजी खाऊन दोघं निघाले. काकासाहेब स्वतःच गाडी चालवत होते. वाटेत ते त्या दुकानाचं भाडं किती, पाणी कुठलं, ट्रक मागून लागतो का, असं एकामागून एक विचारत राहिले, आणि द्वारकाबाई माहीत असेल ते सांगत गेल्या. उरलेल्याला "तिथं गेल्यावर बघू" म्हणत होत्या.

मंठ्याला जागेचं शटर बंद होतं. मालक किल्ली आणायला घरी गेला होता. काकासाहेब रस्ता ओलांडून पलीकडं गेले आणि कमरेवर हात ठेवून ती जागा लांबून बघत उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "कोपऱ्यावरची पाह्यजे होती. ही मधली हाये."

"कोपऱ्यावर दारूचं दुकान हाये, भाऊजी. तिथं बाया येतील का?"

काकासाहेबांनी पुन्हा एकदा कोपऱ्याकडं बघितलं. "मंग हीच," ते म्हणाले. "पण भाड्याचं बोलणं मी करणार."

"करा की."

तेवढ्यात मालक किल्ली घेऊन आला. शटर गंजलेलं होतं, एकट्याला उचलेना. काकासाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि त्याला हात लावला.